भिंतीत शिरलेला जिना

तमाम रत्नागिरीकरांस, विशेषतः आमच्या वाडीतील आबालवृद्धांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या गणपतीत आमच्या घरी जे लाकडी बोरीबंदर स्टेशन मांडले होते, ज्याच्यापुढे उभे राहून आपण फोटो काढलेत, ज्याला मखरांच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला आणि ज्याच्याविषयी प्रस्तुत इसमाने सलग पाच दिवस, दोन आरत्यांच्या मधल्या वेळात, व्याख्याने दिली, ते स्टेशन प्रस्तुत इसमाने घडवलेले नाही. ते एका यंत्राने कापलेले होते. इसमाने ते फक्त जोडले. तेही चुकीचे.

हे निवेदन खरं तर कागदावर द्यायचं नव्हतंच. ते एकाच माणसाला, तोंडी, त्याच्या दारात उभं राहून द्यायचं होतं, आणि पहिल्याच दिवशी द्यायचं होतं. तो माणूस म्हणजे आमच्या वाडीतले सुतारकाका. मला मात्र गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा वेळ लागला. तेवढ्या वेळात उभं भात कापून, झोडून, घरात येऊन पडतं.

आधी माझी ओळख. दिवसा मी एका कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेतो आणि संध्याकाळी माइक हातात घेतो. वाडीत बारसं असो, निवृत्तीचा सत्कार असो, शाळेचं गॅदरिंग असो, सूत्रसंचालन माझं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं पुकारतोय. "आणि आता मी विनंती करतो..." हे वाक्य मी झोपेतही म्हणतो असं बायको सांगते. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यात हार घालायला लावले, त्याला एकदा तरी आपल्या गळ्यात हार पडावा असं वाटतं. वाटावं. त्यात काही पाप नाही. पाप पुढे आहे.

माझ्या त्रेपन्नाव्या वाढदिवसाला लेकीनं पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत पापडाएवढ्या पातळ लाकडाच्या चौदा फळ्या. प्रत्येक फळीत लेझरनं तुकडे कापलेले, पण टोकाला जरासे धरून ठेवलेले, लादीतले पाव एकमेकांना धरून असतात तसे. बोटानं दाबलं की टक्कन तुकडा हातात. कमानी, खिडक्या, घुमट, कठडे, नखाएवढं घड्याळ. सगळ्यांच्या कडा जळून काळ्या झालेल्या. खोकं उघडलं आणि घरभर असा वास पसरला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं तव्यावरचं घावन करपलं.

"बाबा, डिंक अजिबात लावायचा नाही," लेकीनं फोनवर बजावलं. "खाचेत खाच बसते. चुकलं तर काढून परत लावता येतं. आणि आधी तो सूचनांचा कागद नीट वाचा."

कागद मी वाचला नाही. कलावंत सूचना वाचत नसतो.

आता श्रावणातली आमची हवा तुम्हाला माहीत आहे. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या पट्ट्यावर हिरवी लव येते. त्या हवेत ते लाकूडही फुगलं. खाचेत खाच बसेना. मी जोर केला, दोन-चार दाते मोडले. पुण्यातल्या माणसानं अशा वेळी पॉलिश पेपर आणला असता. मी कोकणातला. मी माळ्यावरून फणसाच्या चिकाची काठी काढली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फणस कापताना जो चीक निघतो तो आमच्याकडे कुणी फेकत नाही. एका काठीवर गुंडाळत जातात. वर्षानुवर्षांचा मिळून काळाकुट्ट गोळा होतो. विस्तवावर धरला की मऊ होतो, आणि मग बादलीला भोक पडो, कौलाला चीर जावो, त्यानं बुजवायची. एकदा चिकटलं की माणूस जाईल पण ते सुटणार नाही. त्या चिकानं मी सगळं बोरीबंदर चिकटवलं. चीक गरम करताना उजव्या हाताचं मधलं बोट चांगलंच भाजलं. हे बोट लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

प्रत्येक तुकड्यावर बारीक इंग्रजी आकडा कोरलेला होता. एका बाजूच्या भिंतीचा आकडा सहासष्ट, दुसऱ्या बाजूच्या भिंतीचा नव्याण्णव. आता इंग्रजी सहासष्ट उलटा धरला की काय होतो, ते तुम्ही या क्षणी मनात करून पाहताय तेवढ्या वेळात मलाही करता आलं असतं. मी केलं नाही. सगळं झाल्यावर, चीक दगडासारखा घट्ट झाल्यावर, बायको हात पुसत आली आणि चष्मा वर करून बघत राहिली.

"अहो, हा जिना कुठे जातो?"

दर्शनी बाजूला, डाव्या अंगाला, कठड्याचा सुंदर नाजूक जिना होता. वीस पायऱ्या. तो डौलात वर चढत होता आणि सरळ भिंतीत शिरत होता. जिथे दार असायला हवं होतं तिथे सपाट लाकूड. दार पलीकडच्या बाजूला होतं, जिथे जिनाच नव्हता. तिथून कुणी बाहेर पडला असता तर थेट आमच्या टेबलावर आपटला असता.

मी भिंत उपसायचा प्रयत्न केला. अख्खं स्टेशन टेबलासकट उचललं गेलं.

"राहू दे," मी म्हणालो. "एवढं कोण बघतंय."

गणपती आले. मखर म्हणून स्टेशन मांडलं, पुढे मूर्ती. कल्पना अशी की, मुंबईहून चाकरमानी निघाले आहेत आणि बाप्पाही त्यांच्याबरोबर गाडीला आलेत. कल्पना खरोखर माझी होती. एवढ्यावर थांबलो असतो तरी चार लोकांनी मान डोलावली असती.

पण आमच्याकडे गणपतीत दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस हात जोडून झाले की एक प्रश्न विचारतो. रीतच आहे ती. "मखर कोणी केलं?" आणि त्यावर घरमालकानं म्हणायचं, "घरीच केलं." शेजारच्या वहिनींनी विचारलं, मी म्हणालो, "घरीच केलं." बघा, खोटं काही नाही. मराठी भाषेचा हा मोठा उपकार आहे. तिखट-मीठ लावून पोहे कालवणाराही पोहे "करतो" आणि भात पेरून, कांडून पोहे काढणाराही पोहे "करतो". त्या एका शब्दाच्या आडोशाला मी सुखानं उभा होतो.

"हातानं?" वहिनींनी डोळे मोठे केले.

"हातानंच," मी म्हणालो. जोडायला काय पाय वापरले होते?

"एवढ्या खिडक्या! कशानं कापल्यात?"

इथे थांबायचं होतं. इथे त्या आडोशाची भिंत संपली होती. पण समोर पाच-सहा जण होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कुणीतरी तेवढ्यात मोबाइल वर धरला. मंडळी, समोर माणसं आणि वर धरलेला मोबाइल, म्हणजे माझ्यासाठी माइकच. मी आवाज खाली आणला, नाटकात आणतात तसा, आणि म्हणालो, "केसाएवढं पातं असलेली करवत असते. श्वास रोखून चालवावी लागते."

दुपारपर्यंत करवतीच्या जोडीला लाल तापवलेली तार आली, कारण कुणीतरी काळ्या कडांविषयी विचारलं. तारेच्या जोडीला भाजलेलं बोट आलं. ते मी काही न बोलता नुसतं वर केलं. बायका हळहळल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बायकोला मोदकांचं पातेलं आपटायची सवय नाही.

संध्याकाळी लेकीनं व्हिडिओ कॉल केला. घरात ही गर्दी. ती उत्साहानं ओरडली, "बाबा, किट जोडून झालं का हो? दाखवा ना!" मी फोन छातीशी दाबला आणि मंडळींना म्हणालो, "रेंजच नाही इथे." आमच्या वाडीत हे कधीही म्हणा, लोक लगेच मान डोलावतात. त्या बिचाऱ्या टॉवरवर मी असा आळ घेतला. पोरीनं पुन्हा केला तेव्हा फोन बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारकाका आले.

वाडीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांनी केलेली आहेत. माझ्याही. सत्तरीच्या जवळचे, काटक, कानावर पेन्सिल अशी अडकवलेली की आंघोळीलाही काढत नसावेत. आमच्या मंडळाच्या मखर स्पर्धेत दर वर्षी पहिला नंबर त्यांचा. थर्माकोल, प्लास्टिकची फुलं, झगमगते दिवे, सगळं येऊन गेलं, पण काकांचं फणसाच्या लाकडाचं मखर आलं की परीक्षक दुसरीकडे बघत नसत. त्यांना बक्षिसाचं कौतुक होतं असंही नाही. पण दिवाळीपासूनच ते पुढच्या मखराचं लाकूड निवडून ठेवत. तेवढ्यासाठी त्यांचं वर्ष होतं, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांनी गणपतीला हात जोडले, प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला आणि स्टेशनपुढे उकिडवे बसले. बराच वेळ बसले. हात लावला नाही. तोंड जवळ नेऊन कडा बघितल्या, वास घेतला.

"भाऊ," ते म्हणाले, "भुसा कुठं टाकलात वो?"

"काय?"

"भुसा. एवढ्या खिडक्या कापल्यात, म्हंजे पायली-दीड पायली तरी भुसा निघाला असंल. रांगोळीला रंगवून द्यायचा व्हता आमच्या सुनेला. बारीक करवतीचा भुसा रव्यावानी पडतो."

आमच्या घरात त्या स्टेशनचा चिमूटभरही भुसा पडला नव्हता. लेझर भुसा पाडत नाही, जाळतो. हे काका आता ओळखणार, असं मला वाटलं. आणि मग लक्षात आलं की ते संशयानं विचारतच नव्हते. त्यांना सुनेसाठी खरोखरच भुसा हवा होता. त्यांच्या डोक्यात ती शंका शिरूच शकत नव्हती, कारण न केलेलं काम कुणी केलं म्हणून सांगतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बंबात टाकला," मी म्हणालो.

"आरारा," ते हळहळले. मग त्यांचं बोट जिन्याकडे गेलं. "हा जिना..."

मी निरांजनाची वात सारू लागलो.

"मी सोळा-सतरा वर्षांचा असताना मुंबैला गेलतो, नोकरी बघायला," ते म्हणाले. "पयला दिवस ह्या टेसनात काढला. एक जिना व्हता तिथं, कोरीव कठड्याचा. आत सोडीत नव्हते. मी खालीच बसून बगत व्हतो. म्हटलं, वर काय आसंल? म्हैनाभरात परत आलो, पन ते डोक्यात राह्यलं." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुमी जिना भिंतीत का नेलात?"

ओटीवर दहा-बारा माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, काका, चुकला. तीन अक्षरं. त्याऐवजी मी एक पाऊल पुढे आलो, जिन्याकडे हात केला आणि म्हणालो, "काका, हा आपल्या चाकरमान्याचा जिना आहे. घर सोडून माणूस चढतो, चढतो, जन्मभर चढतो. आणि वर काय? वर भिंत."

कुणीतरी "वा!" म्हणालं. एका म्हाताऱ्या आजींनी पदर डोळ्याला लावला. काका उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. गणपतीला नव्हे, मला.

त्या दिवशी जेवताना बायको एकच वाक्य बोलली. "त्यांनी तुम्हाला नमस्कार केला तेव्हा तुम्ही मागे बघायला हवं होतंत, खरा माणूस मागे उभा आहे का ते."

स्पर्धेचे तीन परीक्षक येऊन गेले. निकालपत्रात "भिंतीत शिरणाऱ्या जिन्यातून व्यक्त झालेला आशय" असा खास उल्लेख होता. हे मला माहीत आहे, कारण बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं आणि ते मलाच वाचावं लागलं. "आणि आता मी विनंती करतो... मला." लोक हसले, टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, हार गळ्यात पडला. झेंडूचा होता. ओला होता, मानेला टोचत होता.

दुसरा नंबर सुतारकाकांचा. ते वर आले, नारळ घेतला, आणि मग जे त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं. माझ्या हातातला माइक मागितला. तोंडापासून हातभर लांब धरून म्हणाले, "पुढल्या वर्षापासनं मी मखर करनार न्हाय. लई वर्सं केली. आता वाडीत माज्यापेक्षा बरा हात हाय. तो बगितला, लई बरं वाटलं." माइक परत दिला आणि खाली उतरले.

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातात माइक होता, त्यामुळे माझ्या टाळ्या सगळ्या मैदानभर ठाक ठाक ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली पटाशी त्यांनी माझ्या हातात ठेवली. बारीक कोरीव कामाची, बोटभर रुंदीचीही नसेल. "बापाची माज्या," ते म्हणाले. "पोरगा चिपळुनला नोकरीला, त्याला काय तिचं? तुमच्या हातात शोभंल." लाकडी मूठ घासून घासून गुळगुळीत झाली होती आणि तिला अंगठ्याचा खळगा पडला होता. दोन पिढ्यांचा अंगठा. ते गेल्यावर मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. बसला नाही.

तुम्ही म्हणाल, आता तरी हा माणूस धावत गेला असेल. नाही गेला. दसऱ्याला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. मी पाटावर स्कूटरची किल्ली, कचेरीतलं पेन आणि ती पटाशी मांडली. हळद-कुंकू वाहिलं. बायको निरांजन घेऊन आली, पाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "चिकाच्या काठीला का वगळलंत? राबली तर ती एकटीच."

दिवाळी झाली. काका रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. एकदा तर मासळीच्या टोपल्यांमागे उभा राहिलो आणि कोळीण म्हणाली, "काय वो, घेणार हाय का नुसतं लपणार हाय?" काकांनी खरंच काम थांबवलंय असं लोक सांगायचे. खिडकीची झडप घेऊन गेलेल्या एकाला त्यांनी परत पाठवलं, म्हणे.

आणि मग तुळशीचं लग्न झाल्यावर एका सकाळी आमच्या दारात टेंपो उभा राहिला. देवळाचे तिघे मानकरी उतरले. मागून फणसाच्या दोन फळ्या उतरल्या, पुरुषभर लांब, हळदीसारख्या पिवळ्याधमक.

"पालखी करायची हाय," त्यांतले थोरले म्हणाले. "जुनीचा दांडा खिळखिळा झालाय. शिमग्याच्या आधी नवी पायजे. काकांकडं गेलतो. ते म्हनले, माज्याकडनं नको, भाऊंकडं जा. वाडीत आता त्येंचा हात."

ज्यांनी आमचा शिमगा पाहिलेला नाही त्यांना कळायचं नाही. पालखी म्हणजे ग्रामदेवी घरोघर येते. अंगणात ती खांद्यावरून खांद्यावर घेतात, उंच उडवतात, झेलतात, ढोलाच्या तालावर नाचवतात. सगळं गाव तिच्याभोवती. त्या पालखीचा सांधा सुटला तर देवी खाली. आणि सांधा करणार कोण, तर फणसाच्या चिकानं बोरीबंदर चिकटवणारा मी. (घाबरू नका. यंदा तुमच्या दारात नाचली ती पालखी माझी नव्हती. माझी असती तर हा मजकूर दुसऱ्या कुणीतरी, माझ्या फोटोला हार घालून लिहिला असता.)

"जरा विचार करून सांगतो," मी मानकऱ्यांना म्हणालो. "मुहूर्त वगैरे..."

ते फळ्या ओटीवर टेकवून गेले. मला इथे लिहायला आवडलं असतं की माझा विवेक जागा झाला. तो काही जागा झाला नाही. फळ्या जाग्या होत्या. घरात शिरताना त्या, घरातून निघताना त्या. चहा प्यायला ओटीवर बसलो की दोन पिवळी माणसं भिंतीला टेकून माझ्याकडे बघतायत. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी बायको समोर येऊन बसली.

"सांगा. नाहीतर मी जाऊन सांगते."

"काय सांगू गं?"

"एक वाक्य. रोज दोनशे बोलता, त्यातलं एक."

मी माळ्यावरून खोकं काढलं. रिकामं, पण वर स्टेशनचा रंगीत फोटो. आत तुकडे काढून घेतलेली एक फळी राहिली होती, खिडक्यांच्या आकाराची भोकंच भोकं. एका हातात खोकं, खिशात पटाशी, असा मी निघालो. वाटेत वाक्य पाठ केलं. आधी नाट्यमय केलं, मग साधं केलं, मग पुन्हा नाट्यमय झालं.

काकांचं काम त्यांच्या घरामागच्या पडवीत चालतं. चिऱ्याच्या पायरीवरून आत पाय ठेवला आणि पाऊल रुतलं. भुसा. जमिनीवर मऊ, घोट्यापर्यंत भुसा. कोपऱ्यात त्याची पोती भरून ठेवलेली. काम थांबवलेल्या माणसाच्या मानानं तो फार ताजा होता, ओला वास येत होता त्याला. मधे काहीतरी कमरेएवढं उभं होतं, त्यावर जुनी साडी टाकलेली.

"या भाऊ," काका म्हणाले. "बसा. पालखीचं इच्यारायला आलात? दांड्याला उभ्या धाग्याचं लाकूड घ्या, बाकी तुमाला काय सांगायचं..."

पाठ केलेलं वाक्य गेलं. मी खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "काका, ते स्टेशन या खोक्यातून आलं. लेकीनं पाठवलं. यंत्रानं कापलेलं होतं."

त्यांनी खोक्यावरचा फोटो बघितला. भोकांची फळी काढली, उजेडात धरली, एका खिडकीच्या कडेवरून नख फिरवलं.

"करवत न्हाय," ते म्हणाले.

"नाही. लेझर. उजेडानं जाळून कापतात."

"म्हणून भुसा न्हाय."

"म्हणून भुसा नाही."

"आनि तुमी?"

"मी जोडलं. फणसाच्या चिकानं. बोट तेव्हा भाजलं." मी पटाशी खिशातून काढून खोक्याशेजारी ठेवली. "ही माझ्याकडे शोभत नाही. मखर तुम्ही करायचं. पालखीही तुम्हीच. मी सगळ्यांना माइकवरून सांगतो."

काका रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. त्यांनी पटाशी उचलली, अंगठा त्या खळग्यात आपोआप जाऊन बसला. मग त्यांचे डोळे पुन्हा खोक्यावरच्या फोटोकडे गेले. ते पुढे वाकले. फोटोत जिना वर चढत होता आणि वर, व्यवस्थित, एक कमानीचं दार होतं. उघडं.

"हितं दार हाय," ते म्हणाले.

"हो."

"मंग तुमच्या जिन्याला?"

"चुकलं. आकडा उलटा वाचला मी. भिंत उलटी बसली, आणि चीक सुटेना."

"आनि ते चाकरमान्याचं?"

"ते... लोक बघत होते काका. तोंडात आलं ते बोललो."

माझी मान इतकी खाली होती की मला फक्त त्यांचे पाय आणि भुसा दिसत होता. पाय वळले. साडी ओढल्याचा आवाज झाला. मी वर बघितलं.

देव्हारा होता. त्यांच्या स्वतःच्या घरासाठी, शेवटचं काम म्हणून केलेला. फणसाचं लाकूड, त्यावर सायलीची वेल, पाकळीला पाकळी वेगळी. असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि डाव्या अंगाला, कोरीव कठड्याचा, नाजूक, प्रत्येक पायरीची कड गोल घासलेला एक जिना डौलात वर चढत होता आणि सरळ भिंतीत शिरत होता.

काका त्या जिन्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा जिन्याकडे. त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

"आयला!" ते ओरडले. "म्हंजे आता माजा देव चढून जायाचा कुठं?"